पागोळीखालचं अंथरूण

"घर आहे ना तुमचं? मग पालात कशाला झोपायचं?"

अण्णा मे महिन्यात आमच्याकडे आल्यापासून हा प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला होता. चौथ्यांदा विचारला तो अमेरिकेत, सिअॅटलजवळच्या एडमंड्सच्या धक्क्यावर, गाडी फेरीबोटीत चढवायच्या रांगेत असताना. मागे डिकीत तंबू, चार स्लीपिंग बॅगा, दोन चुलांची कोलमनची शेगडी, ताडपत्री आणि सायलीने बांधलेली कुळथाच्या पिठाची पिशवी. इरा, वय वर्षं नऊ, खिडकीबाहेर डोकं काढून बोटी मोजत होती. बोट सुटली, समोर ऑलिंपिकचे बर्फाळ डोंगर दिसायला लागले, आणि अण्णा एवढंच म्हणाले, "दाभोळ-धोपावेची जंगलजेटी बरी. तिच्यावर निदान ओळखीचं कुणीतरी भेटतं."

अण्णांची सगळी नोकरी गुहागर डेपोत वाहक म्हणून गेली. आता वय एकाहत्तर. समुद्र आणि पाऊस या दोन गोष्टींचं त्यांना कुणी कौतुक सांगायला जाऊ नये. मी मात्र नेमकं तेच करायला निघालो होतो.

जागेचं बुकिंग मी डिसेंबरात केलं होतं. ऑलिंपिक नॅशनल पार्कमधली मोरा नावाची छावणी, म्हणजे इथल्या भाषेत कॅम्पग्राउंड. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा सहा महिने आधी उघडतात आणि बघताबघता संपतात. सकाळी सातला लॅपटॉप उघडून बसलो, तेव्हा कुठे एक मिळाली. मोरा निवडायचं कारण साधं होतं: तंबू गच्च जंगलात आणि समुद्र तिथून दोन मैलांवर. सव्वातीन किलोमीटर म्हणा. सगळा पॅसिफिक समोर, पण वारा मात्र झाडांनी अडवलेला. फ्लशचे संडास आहेत, पिण्याचं पाणी आहे. आंघोळीची सोय नाही. हे मी अण्णांना निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. "दोन दिवस पारोसा राहू म्हणतोस?" एवढं विचारून ते गप्प झाले, आणि ते गप्प होणं प्रश्नापेक्षा वाईट होतं.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. हूड कॅनॉलवरचा तरंगता पूल लागतो. १९७९च्या वादळात त्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग बुडाला होता हे मी पुलाच्या बरोबर मध्यावर असताना सांगितलं, त्याबद्दल सायलीने मला नंतर ऐकवलं. मग पोर्ट अँजलिस, लेक क्रेसेंटच्या काठाकाठाने वळणं, आणि शेवटी फोर्क्स. फोर्क्सला वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या रत्नागिरीच्याच तोलाचा. फरक इतकाच की आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि इथे बहुतेक हिवाळ्यात, थंडगार, दिवसचे दिवस रिपरिपत राहतो. जून त्यातल्या त्यात कोरडा. "त्यातल्या त्यात" या शब्दांकडे मी दुर्लक्ष केलं होतं.

फोर्क्समध्येच लाकडाच्या दोन मोळ्या घेतल्या. घरून लाकूड न्यायचं नाही, कारण सालीखालचे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. जिथे जाळायचं तिथलंच विकत घ्यायचं, असं सगळीकडे सांगितलेलं असतं. अण्णांनी मोळी हातात घेऊन वजन पाहिलं, एक लाकूड दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ठण् नाही वाजत. ओलं आहे." पैसे देऊन झाले होते.

मोऱ्याला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर शांतता. सिट्का स्प्रूस आणि हेमलॉकची झाडं इतकी उंच, की शेंडा बघायला मान मोडावी. खाली कमरेएवढं नेच्याचं रान. प्रत्येक फांदीवर शेवाळ, शेवाळावर पुन्हा नेचे. एक जुना ओंडका आडवा पडून कुजत होता आणि त्याच्याच पाठीवर पाच-सहा कोवळी हेमलॉकं ओळीने उभी होती, वाफ्यात लावल्यासारखी. अण्णा त्या ओंडक्यापाशी बराच वेळ उभे राहिले. चप्पल काढतात की काय असं मला वाटलं. "देवरहाटी आहे ही," ते म्हणाले. "इथे कोयता लावत नसणार कुणी." १९३८ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि किनाऱ्याची पट्टी त्यात १९५३ साली जोडली, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या लेखी देवरहाटीला साल नसतं.

आता तंबू. आमचा सहा जणांचा आहे, म्हणजे चार जण जेमतेम मावतात. मी ग्राउंडशीट अंथरली, तंबू त्यावर उभा केला, खुंट्या ठोकल्या, वरचं पावसाचं आवरण ताणलं. वीस मिनिटं. स्वतःवर खूश होतो. अण्णा लाकडी बाकावर बसून चहा पीत बघत होते. चहा संपल्यावर उठले, तंबूला एक फेरी मारली आणि खाली बोट दाखवून म्हणाले, "पागोळीखाली कुणी अंथरूण घालतं का?"

मला कळेना. ग्राउंडशीटची कड तंबूच्या बाहेर चारी बाजूंनी वीतभर आली होती. मला वाटत होतं, बरंच आहे की, बूट ठेवायला होईल. पण वरच्या आवरणावरून ओघळलेलं पाणी बरोबर त्या कडेवर पडणार, आणि प्लास्टिकवरून घरंगळत थेट तंबूच्या पोटाखाली जाऊन साठणार. ग्राउंडशीट म्हणजे मग जमिनीपासून संरक्षण नव्हे, आपणच आपल्याखाली मांडलेली परात. मी पंधरा वर्षं या देशात तंबू ठोकतोय, पण बहुतेक सगळा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरांत. तिथे ही चूक चूकच ठरत नाही. खुंट्या उपटून सगळी कड आत दुमडली. रात्री साडेदहाला पाऊस आला.

त्याआधी चूल पेटवायचं नाटक झालं ते सांगायला हवं. प्रत्येक जागेवर लोखंडी कडं असतं, त्यातच जाळ करायचा. माझी पद्धत अशी की मोठी लाकडं तंबूसारखी रचायची, मध्ये कागद कोंबायचा आणि लायटर लावायचा. कागद जळाला. दुसरा जळाला. धूर फक्त माझ्याच तोंडावर येत होता. सायलीने शेगडीवर कुळथाचं पिठलं आणि भात करायला घेतला होता, म्हणजे उपास पडणार नव्हता, पण इराला मार्शमेलो भाजायचे होते आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरणार नाही.

"नारळाची सोडणं नाहीत, चुडतं नाहीत, पेटणार कसं?" म्हणत अण्णा उठले. त्यांनी छोटी कुऱ्हाड मागितली. एक लाकूड उभं धरून त्याच्या आधी चार, मग आठ, मग बोटाएवढ्या काड्या केल्या. बाहेरची ओली बाजू तासून बाजूला टाकली, आतला कोरडा गाभा तेवढा घेतला. त्याच्या कडेला सुरीने अशा बारीक चिलट्या काढल्या की त्या तुटल्या नाहीत, लाकडालाच कुरळ्या होऊन चिकटून राहिल्या. हे करायला त्यांना अर्धा तास लागला. मग एक काडी. जाळ धरल्यावर उरलेली लाकडं त्यांनी कड्याच्या काठाला उभी टेकवून ठेवली, शेकायला. "पुढचं लाकूड आधी वाळवायचं. घाई झाली की धूर होतो." कड्यापाशी बसून ते ज्या लयीत फुंकर घालत होते, ती मी लहानपणी आजीच्या पडवीत ऐकली होती. फुंकणी तेवढी नव्हती.

जेवताना भरती-ओहोटीचा विषय निघाला. उद्या रिआल्टो बीचवरून उत्तरेला चालत होल-इन-द-वॉलपर्यंत जायचं ठरलं होतं. कातळकड्याला समुद्राने पाडलेलं आरपार भोक आहे ते, आणि त्यातून चालत जायचं तर पाणी पुरतं ओसरलेलं लागतं. मोऱ्याला फोनला रेंज नावालाच, म्हणून जवळच्या ला पुश गावाचं भरतीचं वेळापत्रक मी घरूनच उतरवून घेतलं होतं. ते काढायच्या आत अण्णांनी बोटं मोजली. "परवा अमावास्या झाली. आज द्वितीया, उद्या तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती. सहा तास मागे जा, सव्वाआठला सुकती."

कोकणात कुणालाही विचारा, हे गणित येतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. मी कागद पाहिला. ओहोटी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

"तासभर चुकलं अण्णा. हा पॅसिफिक आहे, अरबी समुद्र नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. ताट धुवायला म्हणून उठले आणि नळापाशी उभे राहून झाडांमधून आभाळ बघत राहिले. रात्रीचे सव्वानऊ वाजत आले होते आणि अजून उजेड होता. परत येऊन म्हणाले, "तुमच्याकडे दुपारी बाराला सावली पायाखाली येत नाही. मी आल्यापासून बघतोय. एक वाजून जातो. घड्याळ पुढे केलंय का तुम्ही?"

केलंय. जवळजवळ सगळ्या देशाने, मार्चमध्ये, तासभर पुढे.

"मग माझं गणित बरोबर आहे. घड्याळ चुकीचं आहे."

खरं तर यात योगायोगाचा भाग मोठा आहे. चंद्र माथ्यावर आल्यावर किती उशिराने भरती येणार ते प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. कोकणचा आणि या किनाऱ्याचा उशीर जवळजवळ सारखा निघाला, इतकंच. इथून चार-पाच तासांवर, सिअॅटलच्या खाडीत, हेच गणित साफ आपटलं असतं. पण हे मी त्या रात्री बोललो नाही. दुसरी एक गोष्टही मी नीट सांगितली नाही, आणि ती मात्र सांगायला हवी होती. या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. आपल्याकडेही थोडा फरक असतोच, पण इथला फार. शनिवारी सकाळची ओहोटी वेळापत्रकातल्या शून्याच्या खाली जाणार होती, संध्याकाळची जवळजवळ तीन फुटांवरच थांबणार होती. म्हणजे खडपात, किनाऱ्यावरच्या कातळांत, जायची संधी एकदाच, सकाळची.

रात्र वाईट गेली. थंडी दहा अंशांच्या खाली, म्हणून मी तंबूच्या सगळ्या जाळ्या बंद केल्या. पहाटे चेहऱ्यावर थेंब पडला तेव्हा वाटलं छत गळतंय. गळत नव्हतं. चार माणसांचा रात्रभराचा श्वास कापडाच्या आतल्या बाजूला पाणी होऊन लोंबत होता, आणि स्लीपिंग बॅगांची पायाकडची बाजू भिजली होती. अण्णा जागेच होते. "इरल्याला खालून वारा लागतो म्हणून माणूस आत भिजत नाही," ते अंधारात म्हणाले. मी वरची जाळी उघडली. गार हवेबरोबर एक लांबचा, सलग घुमणारा आवाज आत आला. पाऊस थांबला होता, मग हा कसला? अण्णांनी ओळखला. दोन मैलांवरून येणारी गाज.

बाहेर अजून एक आवाज होता, खुडबुडीचा. खाण्याचं सगळं सामान, अगदी टूथपेस्टसकट, गाडीत बंद ठेवायचं असा इथला नियम. मी सगळं ठेवलं होतं, बाकाखालचा चिवड्याचा डबा सोडून. बॅटरी मारली तर एक रॅकून दोन हातांनी डब्याचं झाकण फिरवत होता, अगदी माणसासारखा. "उदमांजर!" अण्णा ओरडले. ते चुलत भावंडंही नसतील, पण धंदा एकच. त्याने शेंगदाणे वेचून खाल्ले आणि पोहे तसेच सांडून ठेवले. सकाळी छावणीची देखरेख करणाऱ्या बाई आल्या, सांडलेले पोहे बघितले आणि मला शांतपणे, अतिशय सभ्य शब्दांत, झाप झाप झापलं. एकदा माणसाचं खाणं चाखलं की ते प्राणी धीट होतात, मग त्रास पुढच्या माणसांना आणि शेवटी त्या प्राण्यालाच. बाईंचं बरोबर होतं. पोहे मी एकेक करून वेचले.

साडेसातला गाडी रिआल्टोला लावली. रिआल्टो हे नाव एका जादूगाराने नाटकगृहाच्या नावावरून दिलं म्हणतात. नाव तसलं असलं तरी जागा भलतीच खरी आहे. पुळण जवळजवळ नाहीच. गोटे. काळे, करडे, अंड्यासारखे गुळगुळीत, लाखोंनी. लाट परतताना ते एकमेकांवर घरंगळतात आणि असा आवाज होतो, जणू कुणी मोठ्या सुपात सुपाऱ्या पाखडतंय. आणि मागे ओंडके. नद्यांनी वाहून आणलेली अख्खी झाडं, समुद्राने सोलून पांढरी केलेली, काही माझ्या डोक्यापेक्षा जाड, किनाऱ्याच्या माथ्यावर एकावर एक रचून पडलेली. तिथे पाटी आहे: हे ओंडके माणसं मारतात. मोठ्या लाटेने अर्धा फूट पाणी खाली शिरलं तरी टनावारी वजनाचा ओंडका हलतो आणि फिरतो. इराला त्यांच्यावर चढायचं होतं. अण्णांनी तिचा हात सोडला नाही.

दक्षिणेला धुक्यात जेम्स आयलंड उभं होतं आणि त्याच्या पलीकडे नदीच्या मुखाशी ला पुश, क्विल्यूट लोकांचं गाव. ला पुश म्हणजे मूळ फ्रेंचमधलं "मुख". क्विल्यूट भाषेत म आणि न हे उच्चारच नाहीत, असं मी इराला सांगितलं. तिने क्षणभर विचार केला. "म्हणजे मामा नाही, मामी नाही, नाना नाही. आई आहे." रस्त्यावरची त्सुनामीची निळी पाटी अण्णांनी आधीच हेरली होती. १७०० साली २६ जानेवारीच्या रात्री या किनाऱ्यासमोर समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला, त्याच्या लाटा जपानपर्यंत पोचल्या. तिथल्या नोंदींवरूनच तारीख कळली. ला पुशचं गाव अगदी पाण्याच्या पातळीवर आहे. २०१२ साली कायदा होऊन उद्यानातली उंचावरची जमीन टोळीला मिळाली आणि त्यांनी सगळ्यात आधी शाळा वर नेली. "शाळा आधी," अण्णा म्हणाले, आणि पुढे बराच वेळ गोट्यांवर पाय जपून टाकत चालत राहिले.

मैलभराच्या आत एलन क्रीक लागतो, चहाच्या रंगाचं पाणी, तेव्हा घोट्याएवढं. नऊच्या सुमारास आम्ही खडपात पोचलो, आणि तिथे अण्णा एकदम तरुण झाले. पाणी खूप आत गेलं होतं. उघड्या पडलेल्या कातळावर जांभळे आणि नारिंगी समुद्रतारे, हाताच्या पंजापेक्षा मोठे, एकमेकांना चिकटून. २०१३ पासूनच्या रोगाने या ताऱ्यांचा फडशा पाडला होता, म्हणून इतके दिसल्यावर मला बरं वाटलं. डबक्यांत हिरवीगार समुद्रफुलं. इराने ओलं बोट हळूच टेकवलं तर त्यांनी ते चिकटून धरलं. पण अण्णांचं लक्ष शिनाण्यांकडे. काळ्या शिंपल्यांनी कातळच्या कातळ मढवलेले. "एवढ्या शिनाण्या, आणि काढायच्या नाहीत?" नाही अण्णा, इथे गोटासुद्धा उचलायचा नाही. त्यांनी खिशातून एक काळा गोटा काढला, शाळिग्रामासारखा, आणि मुकाट्याने खाली ठेवला. भोकातून पलीकडे जाऊन आलो. फोटो काढले, अजून काढले.

"भरती लागली," अण्णा दहाच्या सुमारास म्हणाले. मी म्हटलं, थांबा, आत्ता तर ओहोटी होती. साडेदहाला पुन्हा म्हणाले. मला इराचा त्या भोकातला एक फोटो नीट हवा होता. निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

सकाळी जिथे रुंद किनारा होता तिथे आता गोट्यांची अरुंद, तिरकी पट्टी उरली होती. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला ते ओंडके. एलन क्रीकपाशी समुद्राने ओहळाचं पाणी मागे रेटलं होतं. सायली आणि इरा आधी गेल्या, इराच्या कमरेपर्यंत पाणी आलं. मी अण्णांचा दंड धरून मध्यावर असताना एक लाट बाकीच्यांपेक्षा खूप वर आली. पाणी इतकं थंड की पाय असल्याची जाणीवच गेली. माझ्या उजव्या हाताला एक ओंडका हलला. नुसता हलला, झोपेत कूस बदलावी तसा, आणि पुन्हा स्थिर झाला. अण्णा मला ओढत होते, मी अण्णांना नाही.

पलीकडे गेल्यावर त्यांनी धोतर पिळावं तशी पँट पिळली. काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "चुकलं." "फोटो आला ना चांगला?" त्यांनी विचारलं. आला नव्हता, भोकाच्या पलीकडचा उजेड जास्त होता.

ती संध्याकाळ बूट कड्याभोवती उभे करून वाळवण्यात गेली, लाकडांच्या शेजारी, लाकडांसारखेच शेकत. रविवारी सकाळी तंबू ओलाच गुंडाळला. ओला तंबू पिशवीत दोन दिवस राहिला तर बुरशी धरतो, म्हणून घरी आल्या आल्या गॅरेजमध्ये दोरीवर टाकला. अण्णांनी तासभर गरम पाण्याने आंघोळ केली.

रात्री त्यांचा गुहागरला फोन चालू होता, डेपोतल्या जुन्या मित्राशी. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. समुद्रतारे नाहीत, भोक नाही, लाट नाही, रॅकूनसुद्धा नाही.

"अरे, तृतीयेची सव्वादोन, तीच इथे! काय सांगतो! फक्त यांचं घड्याळ तासभर पुढे आहे. हो. सगळ्या देशाचं."